मिस्फातचं पाटाचं पाणी

मस्कत

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, आजचं पत्र जास्त तुमच्यासाठी. सुट्टीत आम्ही मिस्फात अल अब्रीयीनला गेलो होतो. अल हमराच्या वर, हजर पर्वताच्या उतारावर वसलेलं जुनं गाव. दगडामातीची घरं थेट खडकावर उभी आहेत. बघायला पुष्कळ लोक येतात, पण माझा पाय निघेना तो पाटापाशी.

डोंगरातल्या झऱ्याचं पाणी अरुंद पाटानं गावात येतं. या पाटाला फलज म्हणतात. आधी पिण्याचं पाणी भरायचं, मग मशिदीत, मग अंघोळीला, आणि उरलेलं खाली बागांना. दगडी ताली रचून केलेली पायऱ्यांची शेतं, वर खजूर, त्याच्या सावलीत लिंबू, केळी, डाळिंब आणि खाली लसूणघास. एक आजोबा दारं धरत होते. पाटाच्या भोकातला दगड सरकवला, चिंध्यांचा बोळा उपसला, वाफा भरला की बोळा पुन्हा दाबून बसवला. थेंब वाया गेला नाही. तुम्हीच डोळ्यांपुढे आलात.

ओमानात असे सुमारे तीन हजार फलज अजून वाहतात. त्यांतले पाच २००६ साली जागतिक वारशाच्या यादीत गेले. पाण्याची पाळी ‘अथर’मध्ये मोजतात, एक अथर साधारण अर्ध्या तासाचा. पूर्वी दिवसा काठीची सावली बघायचे, रात्री तारे. पाण्याचे हिस्से वारसांना मिळतात, विकताही येतात. मला सगळ्यात आवडलं ते हे, की काही हिस्से फलजच्याच मालकीचे असतात. त्यांचा लिलाव करून आलेल्या पैशांतून पाटाची डागडुजी होते, कुणापुढे हात पसरावा लागत नाही. आपल्या पांझरा नदीच्या फडांवर, म्हणजे बंधाऱ्याच्या पाटावर एकत्र भिजणाऱ्या शेतांच्या पट्ट्यांवर, असं काही असतं, तर बंधारे इतके गाळानं भरले नसते असं मला मनापासून वाटतं.

पाणी आटलं की इथे खजूर आधी जगवतात आणि हंगामी पिकांची जमीन पडीक ठेवतात. आपल्याकडे कमी पाण्याच्या वर्षी कोणता फड भिजवायचा हे कोण ठरवायचं? पाणी सोडणारा पाटकरी, की सगळे बसून? आजोबांच्या वेळचं आठवेल तेवढं सविस्तर लिहा. मला ते लिहून ठेवायचं आहे.

आई, डिसेंबरात या दोघं. गावापर्यंत गाडी जाते, बागा वरूनही दिसतात, त्यामुळे तुझ्या गुडघ्यांना पायऱ्यांचा त्रास नको. गोळ्या वेळेवर घे.

तुमची
माई