मंत्रीसाहेब, डिग्री दिलीत पण कामाची ओळख कोण करून देणार?

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य,

सप्रेम नमस्कार.

मागच्या सोमवारी मला कामावरून काढलं, चारच महिने झाले होते. दूध संकलन केंद्रांचं सॉफ्टवेअर करणारी छोटी कंपनी, आणि चूक माझीच होती. गायीच्या दुधाचा भाव 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफला (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) धरून असतो, त्याखाली गेलं की पॉइंटमागे पैसे कापतात. मी भाव नुसत्या फॅटवर बसवला, एसएनएफ फक्त स्लिपवर छापायचा असतो असं समजले. 8.1 वाल्या दुधालाही पूर्ण भाव लागला, टेस्टिंगला कळलं नाही कारण बेरीज बरोबरच येत होती, दहा दिवसांची बिलं वाटून झाली आणि मग पुढच्या बिलातून वसुली निघाली. शेतकरी संकलन केंद्राच्या सचिवाच्या अंगावर धावून गेले.

साहेब, आमच्याच घरी दोन गायी आहेत. तिसरी माझ्या फीसाठी विकली.

बीसीएच्या तीन वर्षांत जावा झालं, डीबीएमएस म्हणजे डेटाबेस झालं, त्यातली टेबलं नीट मांडायचं नॉर्मलायझेशन पाठ केलं, पण त्या टेबलात जे भरायचं ते येतं कुठून हे एकदाही कुणी दाखवलं नाही. राज्यातल्या बिलावर 18 टक्के जीएसटीचे केंद्र आणि राज्य असे 9-9 होतात आणि राज्याबाहेरच्या बिलावर सगळा एकच आयजीएसटी लागतो, हे मला नोकरीत कळलं, जीएसटी 2017 पासून असून! प्रोजेक्ट म्हणजे अर्ध्या वर्गाची विकत आणलेली लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम, बाहेरून आलेल्या परीक्षकाने फ्रंट एंड (स्क्रीनवरचा भाग) कशात केलाय विचारलं, सही केली, संपलं. इंटर्नशिपचं सर्टिफिकेट पण पैसे भरून. एमसीए तर 2020 पासून तीनाचं दोन वर्षांवर आणलं, त्यात काय गेलं ते बघितलं का कुणी?

एक अख्खं सेमिस्टर पोरांना डेअरीत, पतसंस्थेत, तलाठ्याकडे, सरकारी दवाखान्याच्या केसपेपरच्या खिडकीशी बसवा. मार्क तिथल्या माणसांना देऊ द्या. 2017 च्या कर्जमाफीत ऑनलाइन याद्यांचा किती घोळ झाला ते सगळ्या महाराष्ट्राने बघितलंय. सामाईक खातं काय, पोटखराबा (लागवडीला न येणारी जमीन) काय हे माहीत नसलेल्यांनी फॉर्म बनवायचे आणि आधारवरचं नाव सातबाऱ्याशी जुळत नाही म्हणून म्हाताऱ्या माणसांनी दिवसदिवस सेतू केंद्रावर बसायचं, हे अजून किती वर्षं चालणार? कोडिंग चुकत नाही हो, माणसाचं काम समजलेलं नसतं.

पुढच्या जूनमध्ये माझा भाऊ बीसीएला ॲडमिशन घेणारे. त्याच्या आत काहीतरी करा. त्याच्या फीसाठी अजून एक गाय विकायची नाहीये आम्हाला.

आपली,
बीसीए पास झालेली एक मुलगी