टायफॉइडची लस कोणती दिली, ते कार्डावर लिहा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा जवळ आला की ठाणे, ऐरोली, नेरूळ परिसरातील गृहसंकुलांच्या सूचनाफलकांवर आणि शाळांच्या पालकगटांत टायफॉइड लसीकरण शिबिरांच्या सूचना दिसू लागतात. शिबिरे भरतात ही चांगलीच गोष्ट आहे. माझी तक्रार आहे ती नंतर हातात पडणाऱ्या कागदाविषयी. आमच्या संकुलातील अशा एका शिबिरानंतर मुलांना जे कार्ड मिळाले, त्यावर ‘टायफॉइड’ या एका शब्दापलीकडे लशीविषयी काहीही नव्हते. ना उत्पादकाचे नाव, ना बॅच क्रमांक. तारीखही शिक्क्याखाली दडलेली. पुढचा डोस कधी, असे विचारल्यावर एका पालकाला ‘तीन वर्षांनी’ असे उत्तर मिळाले, तर दुसऱ्याला ‘आता गरज नाही’ असे.

यातले कोणते उत्तर बरोबर, हे लस कोणती होती यावर ठरते, आणि नेमके तेच कार्डावर नाही. टायफॉइडच्या जंतूभोवती ‘व्हीआय’ नावाचे शर्करेचे आवरण असते. सध्या इंजेक्शनने दिल्या जाणाऱ्या दोन्ही प्रकारच्या लशी त्याच आवरणापासून बनतात. जुन्या पॉलिसॅकराइड लशीत नुसती शर्करा असते; दोन वर्षांखालील बाळाचे शरीर तिला पुरेसा प्रतिसाद देत नाही आणि मोठ्यांनाही ती दर तीन वर्षांनी पुन्हा घ्यावी लागते. नव्या काँज्युगेट लशीत हीच शर्करा धनुर्वाताच्या टॉक्सॉइडसारख्या प्रथिनाला जोडलेली असल्याने ती सहा महिन्यांच्या बाळालाही देता येते, एकाच डोसने अधिक काळ टिकणारे संरक्षण मिळते आणि पुढच्या डोसची नियमित शिफारस सध्या नाही. दोहोंच्या किमतीतही बराच फरक आहे. तेव्हा शिबिरासाठी पैसे गोळा करणाऱ्या आमच्या समित्यांनी लशीचे नाव आधी लेखी मागायला हवे होते, हेही सांगितले पाहिजे.

नवी मुंबईत हा निष्काळजीपणा अधिकच खटकतो. २०१८ साली नवी मुंबई महानगरपालिकेने नऊ महिने ते चौदा वर्षे वयाच्या मुलांसाठी काँज्युगेट लशीची मोहीम राबवली, आणि सार्वजनिक आरोग्ययंत्रणेने हाती घेतलेली ही जगातील अशी पहिलीच मोहीम होती. पहिल्या टप्प्यात शहराच्या साधारण अर्ध्या आरोग्य केंद्रांच्या हद्दीत एक लाखाहून अधिक मुलांना लस दिली गेली. कोणत्या भागात लस पोहोचली आणि कोणत्या भागात नाही, याची नोंद असल्यामुळेच पुढे दोन्हींची तुलना करून लशीचा उपयोग मोजता आला. त्या मोहिमेतील मोठी मुले आज महाविद्यालयांत आहेत. घर बदलताना जुने कार्ड हरवले असेल, तर त्यांना त्या वेळी काय दिले होते हे सांगणार कोण?

नोंदीची गरज केवळ पुढच्या डोसपुरती नाही. मूल चार-पाच दिवस तापाने फणफणले की डॉक्टर लशीविषयी विचारतात. लस घेतली म्हणजे टायफॉइड होणारच नाही, असे नाही. शिवाय पॅराटायफॉइडवर, म्हणजे टायफॉइडसारख्याच पण वेगळ्या जंतूमुळे येणाऱ्या तापावर, या दोन्ही लशींचा भरवसा धरता येत नाही. आपल्याकडे सर्रास केल्या जाणाऱ्या विडाल या रक्तचाचणीवर विसंबण्यापेक्षा प्रतिजैविक सुरू करण्याआधी रक्ताचे कल्चर (रक्तातील जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) करून घेणे केव्हाही बरे, मग कार्डावर काहीही लिहिलेले असो. परंतु कोणती लस, कोणत्या वर्षी, एवढे समजले तर संरक्षणाची मुदत उलटून गेली आहे का, याचा अंदाज तरी डॉक्टरांना करता येतो.

बॅच क्रमांकाचे महत्त्व तर अधिकच. ही लस दोन ते आठ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते आणि एकदा गोठली की वापरता येत नाही. एखाद्या बॅचविषयी शंका निघाली, तर ती कोणाला दिली गेली हे शोधायचे कसे? आमच्या संकुलातील पाळीव कुत्र्यांच्या पुस्तिकेत प्रत्येक लशीच्या कुपीवरचे लेबल डकवलेले असते, आणि मुलांच्या कार्डावर मात्र एक शिक्का!

लसीकरणविषयक राष्ट्रीय तांत्रिक सल्लागार गटाने २०२२ साली काँज्युगेट लशीचा समावेश देशाच्या नियमित लसीकरण कार्यक्रमात करण्याची शिफारस केली आहे. ती अमलात येईल तेव्हा कोणत्या मुलाला लस आधीच मिळाली आहे, हे आरोग्यसेविकांना याच कार्डांवरून पाहावे लागेल. म्हणून ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिकांच्या आरोग्य विभागांनी खासगी शिबिरांसाठी एक साधा नमुना ठरवून द्यावा: लशीचा प्रकार व नाव, उत्पादक, बॅच क्रमांक, मुदत संपण्याची तारीख, लस दिल्याची तारीख आणि देणाऱ्याची सही. इंजेक्शन देण्यापूर्वी कुपी पालकांना दाखवावी, हेही त्यातच नमूद असावे. यंदाची शिबिरे सुरू होण्याआधी हा नमुना शाळा आणि गृहसंस्थांपर्यंत पोहोचावा, ही विनंती.

– एक पालक, नेरूळ, नवी मुंबई