दुबार नावं खोडण्याआधी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

संस्था-कार्यालयांच्या याद्यांमधली दुबार नावं काढा, ही मागणी सध्या सगळीकडे होते आहे. मागणी रास्तच आहे. पण ती नावं शोधतात कशी, याची मला काळजी वाटते. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका पतसंस्थेत सभासदांचा डेटाबेस मी सांभाळते.

आमच्या बऱ्याच सभासद विड्या वळणाऱ्या बायका आहेत. यादी साफ करायला बसलेला माणूस नाव आणि जन्मतारखेवर ग्रुप बाय लावतो, म्हणजे ही दोन्ही सारखी असलेल्या ओळींचा गट करतो, आणि गटातला काउंट एकापेक्षा जास्त आला की एक ओळ ठेवून बाकीच्या उडवतो. आता आमच्याकडे लक्ष्मी नरसय्या दोघी आहेत. आडनाव एक, जन्मतारीखही दोघींची 1 जून, कारण शाळेत नाव घालताना गुरुजी सर्रास तीच तारीख लिहीत. एक साखर पेठेतली, दुसरी अशोक चौकाजवळची. या पद्धतीत एकीचं खातंच जाईल! उलट खरोखर दोनदा नोंदलेली बाई सापडणारच नाही, कारण एका ओळीत नरसय्या आहे आणि दुसरीत नरसैया.

टेबलातली प्रत्येक ओळ ज्या रकान्यावरून ओळखायची तो रकाना म्हणजे प्रायमरी की. ती रिकामी चालत नाही आणि दुसऱ्या ओळीत पुन्हा येऊ शकत नाही. एडगर कॉड यांनी 1970 साली रिलेशनल मॉडेल, म्हणजे माहिती टेबलांमध्ये ठेवायची पद्धत, मांडलं, तेव्हापासून ही कल्पना आहे. मोबाईल नंबर त्यासाठी कामाचा नाही. सासू, सून, मुलगी तिघींच्या फॉर्मवर घरातला एकच फोन असतो. आधार काहींनी दिलेलंच नसतं. म्हणून बहुतेक ठिकाणी आपोआप वाढणारा अनुक्रमांक की म्हणून देतात. ते ठीक आहे, पण तीच बाई दोनदा भरली तर तिला दोन क्रमांक मिळतात आणि संगणक हूं की चूं करत नाही. तेव्हा अनुक्रमांकासोबत आधारच्या रकान्यावर युनिकची, म्हणजे तोच क्रमांक दुसऱ्यांदा न स्वीकारण्याची, अट हवीच. ज्यांचं आधार नाही त्यांचं नाव, पत्ता, वारस आणि जुनं पासबुक माणसानेच ताडून बघायला हवं.

आणखी एक. कर्जाचे हप्ते वेगळ्या टेबलात सभासद क्रमांकावर नोंदलेले असतात. दुबार ओळ काढण्याआधी ते हप्ते राहणाऱ्या क्रमांकावर वळवले नाहीत, तर भरलेले पैसे कोणाच्याच नावावर दिसत नाहीत. हप्ता चुकू नये म्हणून रात्री उशिरापर्यंत विड्या वळणाऱ्या बाईला हे काय सांगणार?

संस्था आणि कार्यालयांना माझी विनंती आहे की, खोडायच्या नावांची यादी आधी दारावर लावावी, हरकतीला मुदत द्यावी आणि मगच डिलीट चालवावं.

आपली,
एक वाचक, पूर्व भाग, सोलापूर