फायबर वाडीपर्यंत हवे, तर मागणी लेखी हवी

मा. संपादक,
स. न.

भारतनेटची, म्हणजे गावोगावी इंटरनेट नेणाऱ्या केंद्राच्या योजनेची, फायबर केबल ग्रामपंचायतीत आली आणि ओएनटीची (फायबरमधल्या प्रकाशाचे इंटरनेटमध्ये रूपांतर करणारी) पेटी भिंतीवर लागली, की सरकारी नोंदीत गाव जोडले जाते. कोकणातल्या गट ग्रामपंचायतींत मात्र कार्यालय एका गावात आणि बाकीची गावे, वाड्या दोन-चार किलोमीटरवर डोंगराच्या पलीकडे. तिथे आजही रेंजच्या एका काडीवर ई-पीक पाहणीचे फोटो अडकून बसतात. अशा गावांसाठी योजनेत तरतूद आहे, पण ग्रामसभेत तिचा विषय क्वचितच निघतो, म्हणून हे पत्र.

केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांचा सुधारित भारतनेट कार्यक्रम मंजूर केला. त्यात ग्रामपंचायती रिंग पद्धतीने, म्हणजे एक वाट तुटली तरी दुसऱ्या बाजूने चालू राहील अशा, जोडायच्या आहेत. पंचायतीचे मुख्यालय नसलेल्या सुमारे ३.८ लाख गावांना मात्र फायबर मिळणार ते मागणीनुसार. न मागणाऱ्या गावाचा नंबर लागणार तरी कसा?

‘कार्यालयातल्या पेटीतूनच वायर ओढा की वाडीला,’ असे सभेत हमखास सुचवले जाते. ते का जमत नाही, हे हिशेबाने पाहू. जुन्या रचनेत तालुक्याच्या एक्स्चेंजमधील ओएलटीपासून (फायबरमध्ये प्रकाश सोडणाऱ्या मुख्य यंत्रापासून) ओएनटीपर्यंत प्रकाशात २८ डेसिबलपर्यंत (डेसिबल हे घट मोजायचे माप) घट चालते. १५ किलोमीटर केबलमध्ये साधारण ४ डेसिबल जातात, एकास आठ स्प्लिटरमध्ये (एका तंतूतला प्रकाश आठ तंतूंत वाटणाऱ्या भागात) साडेदहा, वाटेतल्या आठ-दहा जोडांत १ आणि कनेक्टरमध्ये २. झाले साडेसतरा. उरलेल्या साडेदहात वाडीतल्या सोळा घरांसाठी आणखी एक स्प्लिटर बसवला, तर त्यालाच जवळपास १४ लागतात. प्रकाश घरापर्यंत पुरत नाही आणि ओएनटीवर एलओएसचा (प्रकाश पोचत नसल्याचा) लाल दिवा लागून राहतो.

म्हणून मागायचे ते वेगळे: पंचायत कार्यालयातच छोटी ओएलटी, किंवा तालुक्यापासून स्प्लिटर न लावलेला स्वतंत्र तंतू. ओएलटी पंचायतीत असेल तर एका पोर्टवर ३२ घरे आरामात बसतात. वाडीच्या तोंडाशी एकास चार, पुढे दर आठ घरांमागे एकास आठ. दोन्ही मिळून साडेसतरा-अठरा, तीन किलोमीटर केबलचा जेमतेम एक. जोड आणि कनेक्टर धरूनही पाच-सहा डेसिबल हाताशी राहतात, आणि ते राहायलाच हवेत. कारण केबल तुटणार हे गृहीत धरावे लागते.

ठरावात ‘इंटरनेट मिळावे’ एवढेच लिहून भागत नाही. प्रत्येक वाडीतील घरे किती, त्यांतली किती कनेक्शन घ्यायला तयार आहेत (सह्यांसह), पंचायतीपासून रस्त्याने अंतर किती मीटर, वाटेत महावितरणचे खांब किती आणि कुठे नाहीत, ओढा किंवा वनजमीन आडवी येते का, हे सगळे त्यात हवे. ओएलटीसाठी कुलपाची कोरडी जागा, अर्थिंग आणि निदान आठ तासांचा बॅटरी बॅकअप यांचाही उल्लेख करावा. पंचायतीचे वीजबिल थकून वीज तोडली गेली, तर त्या ओएलटीवर चालणारी सगळी घरे एकदम बंद पडतील. ठरावाची प्रत बीएसएनएलच्या जिल्हा कार्यालयाला आणि गटविकास अधिकाऱ्यांना पोच घेऊनच द्यावी.

केबल तुटते ती बहुतेक खोदकामात. ती १.६५ मीटर खोल असावी असा निकष आहे, पण जांभा किंवा कातळ लागला की खोली कमी होते, आणि नळपाणी योजनेच्या किंवा गटाराच्या चरात जेसीबीचा दात नेमका तिथेच बसतो. केबलला ढील शिल्लक नसेल तर मध्ये तुकडा घालावा लागतो, म्हणजे एका तुटीला दोन जोड. नीट केलेल्या जोडात ०.१ डेसिबलही जात नाही. चिखलात, धुळीत घाईने केला तर अर्धा डेसिबल जातो. अशा पाच-सहा तुटी झाल्या की हाताशी ठेवलेली शिल्लक संपली. खोदणाऱ्या ठेकेदाराने आधी सूचना द्यावी म्हणून केंद्राने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप आणले आहे. पंचायतीने खोदकामाचा ना हरकत दाखला देताना त्यावरील नोंदीची अट घालावी. रिंगच्या दोन्ही बाजू एकाच चरातून तर नेल्या नाहीत ना, हेही मार्गाचा नकाशा मागून तपासावे. एकाच चरातली रिंग नावापुरतीच. एका फटक्यात दोन्ही बाजू जातात.

जोडणी हाती घेताना प्रत्येक ओएनटीजवळ पॉवर मीटर (प्रकाशाची ताकद मोजणारे यंत्र) १४९० नॅनोमीटर या तरंगलांबीवर लावून आकडा लिहून घ्यावा. उणे २५ डीबीएमपेक्षा (मीटरवरील एकक) कमजोर, म्हणजे उणे २६-२७ आला, तर काम स्वीकारू नये. आधी कनेक्टर पुसावा, मग हिरवा कनेक्टर निळ्या सॉकेटात तर बसवलेला नाही ना ते पाहावे. ड्रॉप केबल (घरात येणारी शेवटची बारीक केबल) खिळ्याला वेढा देऊन बांधली असेल तर सोडवावी. तीन सेंटिमीटरपेक्षा लहान त्रिज्येत वाकली की तिथे प्रकाश गळतो. आंब्या-फणसाच्या फांदीवरून केबल नेऊ देऊ नये.

ठरावासाठी १५ ऑगस्टची किंवा २ ऑक्टोबरची ग्रामसभा सोयीची. १ मेच्या सभेत विषय घेतला तर सर्वेक्षण होईतो पाऊस पडतो आणि चर खोदण्याचे काम दिवाळीपर्यंत लांबते.

आपला,
फायबर जोडणीच्या कामातील एक तंत्रज्ञ, जि. रत्नागिरी