रविवारच्या सेशनआधी: विमान सोपवताना काय पाळायचं

मंडळी, रविवारी रात्री नऊला फ्लाइट सिम्युलेटरवर (संगणकावरचं विमान उड्डाण) मुंबई-कोल्हापूर सेशन आहे. कंट्रोलर (विमानांना रेडिओवर सूचना देणारे) म्हणून बसणाऱ्यांनी हे आधी नीट वाचावं.

विमान उजळाईवाडीकडे (कोल्हापूर विमानतळाकडे) यायला लागलं, की हद्द गाठायच्या आधीच मुंबईवाल्याने कोल्हापूर टॉवरला कळवायचं: कॉलसाइन (रेडिओवरचं विमानाचं नाव), लेव्हल (उंची), पोहोचायची अंदाजे वेळ, स्क्वॉक (रडारवर विमान ओळखायचा चार आकडी कोड). टॉवरने तेच आकडे परत म्हणून दाखवायचे. नुसतं "ओके" चालणार नाही, ऐकलं 'एट झीरो' आणि लिहिलं 'सिक्स झीरो' हे सहज होतं.

टॉवरचा होकार आल्याशिवाय पायलटला पुढची फ्रिक्वेन्सी देऊ नका. आणि फ्रिक्वेन्सी बदलली म्हणजे ताबा गेला असं नाही! ठरलेल्या पॉइंटपर्यंत विमान सोपवणाऱ्या कंट्रोलरच्याच ताब्यात. तोवर घेणाऱ्याला दिशा किंवा उंची बदलायची असेल तर आधी सोपवणाऱ्याला विचारून घ्या. मला काळजी याचीच वाटते, कारण नाहीतर एकाच विमानाला दोघे दोन सूचना देऊन बसतात.

पायलट नव्या फ्रिक्वेन्सीवर बोललाच नाही, तर आधीच्या कंट्रोलरला लगेच विचारा. बहुतेकदा पायलट अजून जुन्याच फ्रिक्वेन्सीवर असतो.

नवीन सदस्यांनी साडेआठलाच यावं, सराव करून घेऊ. कोण कुठे बसणार ते शुक्रवारपर्यंत ग्रुपवर टाका.