साठीनंतरही धावावे, पण हळू

महोदय,

आमच्या टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपो या जुन्या आवाराच्या झाडीत पहाटे धावणाऱ्यांत आता पांढऱ्या केसांची माणसेही दिसतात, याचा फार आनंद होतो. मी तरुणपणापासून धावतो. तिशीनंतर शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता दर दशकात साधारण १० टक्क्यांनी घटते. नियमित व्यायामाने ही घट मंदावते, थांबत नाही. पोटऱ्यांना हे आधी कळते, मनाला पटायला वेळ लागतो. साठीनंतर मी घड्याळ घरी ठेवू लागलो. आता दिवसाआड धावतो, मधल्या दिवशी उठाबशा काढतो. स्नायू टिकायला त्या हव्यातच. नव्याने सुरुवात करणाऱ्या ज्येष्ठांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावे. आणि डेपोतल्या मातीच्या वाटा मातीच्याच राहू द्याव्यात, ही महापालिकेला कळकळीची विनंती.

— एक ज्येष्ठ वाचक, टिळकवाडी, बेळगाव