एका छर्ऱ्याबद्दल आभार

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

तुम्ही फी घेत नाही आणि आभार मानायला लागलं की विषय बदलता. म्हणून हे पत्र सगळ्यांदेखत लिहितोय. जुनं मशीन घेऊन त्याला नवा कंट्रोल, म्हणजे मशीन चालवणारा कॉम्प्युटर, बसवायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांनाही तुमची पद्धत कळू दे.

जुनं व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं उभं मिलिंग मशीन, घ्यायचं म्हटल्यावर जो तो कंट्रोलचंच विचारत होता. फानुक कंपनीचा आहे का, स्क्रीन लागते का, मोटरी चालवणारे ड्राइव्ह ओके आहेत का. तुमचा पहिला प्रश्न मात्र, "वे कसे आहेत?" वे म्हणजे टेबल ज्यांच्यावरून सरकतं त्या सरकपट्ट्या.

भोसरीतल्या गोडाउनात पहिलं मशीन ताज्या रंगात चकचकीत उभं होतं. व्यापारी टूल फिरवणारा स्पिंडल चालवून दाखवत होता आणि तुम्ही कव्हर सरकवून वेवरून नख फिरवत बसला होतात. मग बारीक हालचाल दाखवणारा डायल लावून पहारीने टेबल मागेपुढे रेटलंत. मधोमध खेळ बराच, दोन्ही टोकांना अगदी कमी. व्यापारी म्हणाला, बॅकलॅशचं, म्हणजे या खेळाचं, काय घेऊन बसलात, कंट्रोलमध्ये कॉम्पेन्सेशनचा आकडा टाकला की संपलं. जॉब पकडणारा व्हाइस कायम टेबलाच्या मध्यावर असतो, त्यामुळे टेबल सरकवणारा बॉलस्क्रू तिथेच झिजतो, हे तुम्ही त्याच्यासमोरच मला समजावलंत. आकडा मध्यावर जुळवला तर टोकांना जास्त होतो, टोकांना जुळवला तर मध्यावर कमी पडतो. ते मशीन तिथेच राहिलं.

दुसरं मशीन कोपऱ्यात धूळ खात पडलेलं. बॅटरी संपून कंट्रोलमधले पॅरामीटर, म्हणजे मशीनची सेटिंग, उडालेले, म्हणून भाव उतरलेला. त्याच्या एक्स अक्षातही, म्हणजे टेबलाच्या डाव्या-उजव्या चालीत, खेळ होता, पण सगळीकडे सारखाच. तेव्हा तुम्ही खिशातून बेअरिंगचा एक छर्रा काढलात, ग्रीस लावून स्क्रूच्या टोकाच्या सेंटर होलमध्ये चिकटवलात आणि त्यावर चपट्या टोकाचा डायल टेकवलात. टेबल रेटलं तसा स्क्रूच मागेपुढे सरकला. म्हणजे स्क्रू-नट ठीक, खेळ स्क्रूला मागेपुढे सरकू न देणाऱ्या टोकाच्या थ्रस्ट बेअरिंगमध्ये. बॉलस्क्रू बदलायचा खर्च आणि बेअरिंगचा एक सेट, यातला फरक ज्यांनी कोटेशन मागवलंय त्यांना सांगायला नको. त्या डायलच्या काट्याकडे बघूनच मी सौदा पक्का केला.

स्पिंडललाही तुम्ही सोडलं नाहीत. हवेची लाइन जोडून, सोलेनॉइड व्हॉल्व्हची पिन हाताने दाबून टूल पकडणारा ड्रॉबार उघडलात, टूल बसतो तो टेपर पुसून तुमचा मॅन्ड्रेल, म्हणजे तपासणीचा सरळ दांडा, चढवलात आणि स्पिंडलच्या नोजजवळ व त्याखाली ३०० मिमीवर रनआउट, म्हणजे फिरताना होणारी डगमग, बघितलात. खाली २० मायक्रॉनच्या आत. "हे चाललं," एवढंच म्हणालात.

हायड्रा क्रेनने मशीन उतरवून घेतल्यावर माझी घाई सुरू झाली. त्या घाईत तुमचा एक फोन फार मोलाचा ठरला. झेडची, म्हणजे हेड वर-खाली करणारी, मोटर सोडण्याआधी हेडखाली लाकडी ठोकळे लाव, ब्रेक मोटरमध्येच आहे आणि या मॉडेलला हेड तोलून धरणारं काउंटरवेट नाही. मोटर निघाली असती तर हेड सरळ टेबलावर आलं असतं. रेट्रोफिटच्या, म्हणजे जुन्या मशीनला नवा कंट्रोल बसवायच्या, व्हिडिओंत वायरिंग तासन् तास दाखवतात, हे कुणी सांगत नाही. इमर्जन्सी स्टॉप सॉफ्टवेअरच्या भरवशावर न ठेवता थेट ड्राइव्हची पॉवर तोडणारा हवा, हाही तुमचाच हट्ट. तसाच केलाय.

कंट्रोलवर मात्र आपलं जमलं नाही. तुमचं मत फानुक नाहीतर सीमेन्स, सर्व्हिसवाला कुठेही मिळतो. मी लिनक्ससीएनसी हे फुकट, खुलं सॉफ्टवेअर बसवलं. धंद्याच्या मशीनला तुमचंच बरोबर असेल, पण माझ्या खिशाला हेच परवडलं आणि आत काय चाललंय ते मला उघडून बघता येतं. बेअरिंग बदलून परवा ॲल्युमिनियमच्या प्लेटमध्ये वर्तुळ मारलं. एक्सची दिशा जिथे उलटते तिथे पायरी बोटाला लागत नाही. तुमचं बेअरिंगचं निदान तंतोतंत होतं.

टूल आपोआप बदलून देणारं टूल मॅगझिन अजून जोडलेलं नाही, टूल हातानेच बदलतो. आणि एक विचारायचं राहिलं. वाय अक्षाच्या, म्हणजे पुढे-मागे चालीच्या, डाव्या वेवर तेलाची फिल्म दिसत नाही, पंप तर प्रेशर देतोय. तेल मोजून सोडणारं मीटरिंग युनिट बदलू की आधी लाइन सोडून फुंकून बघू? रविवारी तुमचा मॅन्ड्रेल परत द्यायला येतोय, तेव्हा सांगा.

आपला,
मधल्या गल्लीतला वर्कशॉपवाला